कापसाच्या खोलीत वाजलेला ड्रम

सांडूच्या आधीची भागूबाईची दोन लेकरं हाती लागली नव्हती. म्हणून हा तिसरा झाला तसा सासूनं त्याला सुपात घातला, उकिरड्यावर नेऊन ठेवला आणि "कुणाचं गं बाई हे लेकरू सांडलं?" असं मोठ्यानं विचारत पुन्हा उचलून घरात आणला. टाकून दिलेल्या जिनसाकडं यम ढुंकून बघत नाही, असा त्या म्हातारीचा हिशेब. नाव ठेवलं सांडू. हिशेब बरोबर निघाला म्हणायचा, कारण पोरगं जगलं. आणि जगलं ते असं, की घरातलं एक भांडं धड राहिलं नाही. परात, टमरेल, रॉकेलचा डबा, गव्हाणीची फळी, जे हाताखाली येईल ते बडवायचं. बद्रीनाथ, म्हणजे त्याचा बाप, म्हणायचा, "उकिरड्यावरून आणताना काय तरी अंगात शिरलं ह्याच्या."

गाव लासूर स्टेशनपासून सायकलीच्या टप्प्यात. स्टेशनात बन्सी मास्तराचा ब्रास बँड होता. लाल कोट, पिवळी झालर, आणि एक ढोलवाला जो लग्नसराईत हटकून तापानं पडायचा. एका वैशाखात तो असाच पडला आणि मास्तरानं शाळेच्या बाकावर ठेका धरणाऱ्या सांडूला उचललं. कोट गुडघ्याच्या खाली आला. पण हात असा पडला की करवल्या मागं वळून बघायला लागल्या.

घरी खबर पोचली तेव्हा बद्रीनाथनं हातातली भाकर ताटात टाकली.

"आपल्या घरच्या लग्नात आपण बँड आणतो. आपल्या घरचं कुणी बँडात जात नसतं. चार लोकात काय तोंड दाखवू मी?"

"तुमी कामून तोंड दाखवता?" भागूबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली. "तो वाजवू ऱ्हायला. तुमाला कुणी बोलावलंय?"

बद्रीनाथ ताटावरून उठला. पुढं कैक वर्षं, गावात कुठं बँड वाजायला लागला की तो वावरात काहीतरी काम काढायचा. पोरगं वाजवतंय का दुसरं कुणी, हे त्याला बघायचंच नव्हतं.

बन्सी मास्तराची शिकवण थोडी होती, पण पक्की होती. मारुतीच्या पारापासून नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, निघाला, की मांडव येईपर्यंत ढोल वाढता पाहिजे. पोरं नाचतात, हटत नाहीत. नवरदेव घोड्यावर घामानं भिजतो. तिकडं भटजी घड्याळ बघून लाल झालेला. ह्या सगळ्याला पुढं ढकलणारा एकच माणूस, ढोलवाला. "मुहूर्त टळला तर शिव्या आपल्याला पडतात," मास्तर सांगायचा. "मांडव दिसला की हात पळव. तू पळालास की घोडं पळतं, घोडं पळालं की वऱ्हाड पळतं." सांडूच्या हातात ही गोष्ट अशी मुरली, जशी बैलाच्या पायात घराची वाट मुरते. त्याला विचार करायलाच लागत नव्हता.

पुढं तो आयटीआय झाला, वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर लागला, शहरात मुकुंदवाडी स्टेशनामागं खोली घेतली. एका गणपतीत उस्मानपुऱ्यातल्या मिरवणुकीत तो ढोल वाजवत होता, तेव्हा केशव नावाचा एक किडकिडीत, चष्मेवाला पोरगा रस्ताभर त्याच्या शेजारून चालला आणि शेवटी म्हणाला, "तू ड्रम सेटवर बसशील का?"

"बसल्यावर काय द्यावं लागतं?"

"काही नाही. फक्त दर रविवारी यायचं."

केशव गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याची मावसबहीण उमा बेस वाजवायची. दोघं शिकल्यासवरल्या घरातले. केशवचे वडील व्यंकटराव बँकेतून रिटायर झालेले. घराच्या गच्चीवरची खोली त्यांनी पोरांना दिली होती, आणि दिल्याचा पस्तावा तोंडावर दिसू नये म्हणून ते रविवारी फिरायला जायचे. सांडूनं एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा जुना ड्रम सेट मिळवला. बँडला नावही त्यानंच दिलं. केशवच्या डोक्यात काहीतरी इंग्रजी चाललं होतं. सांडू म्हणाला, "आमच्या वावरात वरून काळी माती दिसती. हातभर खणलं की मुरूम. कुदळ अशी ठण्णकन वाजती की दातापर्यंत जाती." उमानं तिथल्या तिथं सांगून टाकलं, "मुरूम. झालं. आता दुसरं नाव कुणी काढायचं नाही."

मुरूमची पहिली रेकॉर्डिंगं त्या गच्चीवर मोबाईलवर झाली. त्यात गाणं कमी आणि उस्मानपुरा जास्त होता. कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची हाळी, शेजारच्या दमयंतीकाकूंचं "अरे, माणसं झोपली आहेत!" तरी ऐकणारे ऐकायचे. एक गाणं तर कॉलेजच्या पोरात चांगलंच फिरलं. त्याचं नाव 'पाणी आलं'. आठवड्यानं नळाला पाणी येतं तेव्हा गल्लीत जी हाकाटी होते, हंडे, ड्रम, बादल्या, कुणाची मोटर, कुणाची पाईप, तेवढंच त्या गाण्यात होतं. शेवटच्या कडव्यात केशव घसा फाडून ओरडायचा, "पाणी आलं!" आणि तिथं सांडूचा हात सुटायचा. समोर नाचणारी पोरं खूश असायची. कुणाला काही खटकलं नव्हतं.

खटकलं ते स्टुडिओत.

चार गाण्यांची पक्की रेकॉर्डिंग करायची म्हणून तिघं शहरातल्या एका स्टुडिओत गेले. तिथल्या माणसानं सांडूच्या कानाला हेडफोन लावला. त्यात टक टक टक टक असा एक ठेका. "ह्याला धरून वाजव." सांडूनं धरला, आणि शेवटच्या कडव्याला सोडला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. सकाळची दुपार झाली. स्टुडिओवाल्यानं केशवला स्क्रीनवर रेघा दाखवल्या. इथपर्यंत बरोबर आहे, इथून पुढं तुमचा ड्रमर पळतो. चारही गाण्यात पळतो. मग तो सांडूला गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही जरा चहा घेऊन या."

सांडू चहा प्यायला, दोघांसाठी पिशवीत बांधून घेतला आणि वर आला. दार अर्धं उघडं होतं. आत 'पाणी आलं' चालू होतं. ड्रम वाजत होता, एकसारखा, एक दाणा इकडं नाही की तिकडं नाही. सांडू आधी चक्क खूश झाला. मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण तर बाहेर होतो.

केशवनं मान वर केली नाही. "सांडू, हे तात्पुरतं आहे रे. मशीनचा ड्रम आहे. फक्त रेकॉर्डिंगपुरता. स्टेजवर तूच."

सांडूनं चहाची पिशवी टेबलावर ठेवली. ड्रमच्या काड्या उचलल्या. "मशीनला चहा लागतो का?" एवढं विचारलं आणि गेला.

कंपनीत रजा टाकून तो गावी आला. रविवारी गच्चीवर गेला नाही, फोन घेतला नाही. मायनं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "काय नाय. काम सुटल्यासारखं झालं."

"कंपनीतलं?"

"नाय. ते चालूच हाय."

"मंग सुटलं काय?" भागूबाई म्हणाली.  खरं म्हणजे आयुष्यात सांडूच्या हाताला पहिल्यांदा कुणी नको म्हणलं होतं. बाप रागावायचा, पण वाजवतोस वाईट, असं तोही कधी म्हणाला नव्हता.

होळी होऊन गेली होती. ऊन चढायला लागलं होतं, आणि घरात कापूस होता. भाव येईल म्हणून बद्रीनाथनं ह्या वर्षीही वेचणीचा कापूस मधल्या खोलीत भरून ठेवला होता. तिन्ही भिंतींना लागून, पार पत्र्यापर्यंत. आमच्याकडं ही रीतच आहे. हिवाळाभर माणसं ओसरीत निजतात आणि कापूस घरात. पण ऊन लागलं की त्या कापसात बारीक किडे होतात, डोळ्याला दिसत नाहीत, आणि अंगाला अशी खाज सुटते की माणूस खांबाला पाठ घासतं. त्या घरात सगळे घासत होते. भागूबाईनं निर्वाणीचं सांगितलं होतं, "परवा गाडी बोलवा. भाव आला तरी बोलवा, नाय आला तरी बोलवा. नाय तर मी तरी ह्या घरात ऱ्हाईन नाय तर हा कापूस." लासूरच्या आप्पासाहेब व्यापाऱ्याला निरोप गेला होता.

अशात केशव आणि उमा कार घेऊन दारात आले.

भागूबाईनं पाणी दिलं, दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि उमाला विचारलं, "व्हय गं माय, तू बी वाजवती?"

"हो काकू. बेस."

"ते काय असतं?"

"जाड तारांची गिटार."

"बरं, बरं. जाड वाजवावं. बारीक आवाजाचं कुणी ऐकत नाय." मग सांडूकडं वळून, "अरे, बोल की त्यांच्याशी. तोंडात मुगाचं पीठ धरलंय का?"

केशवला बोलायचं होतं, पण अंगणात शेजारच्याचं मळणीयंत्र चालू होतं, कुत्रं भुंकत होतं, ओसरीत बद्रीनाथ टीव्हीवर बाजारभाव ऐकत होता. सांडू म्हणाला, "आत चला," आणि त्यांना कापसाच्या खोलीत घेऊन गेला. दार लावलं तशी सगळी दुनिया बंद झाली. यंत्र नाही, कुत्रं नाही, टीव्ही नाही.

केशव म्हणाला, "सांडू, माझं चुकलं." आणि बोलता बोलता थांबला. त्याचाच आवाज त्याला वेगळा वाटला. शब्द तोंडातून निघायचा आणि तिथल्या तिथं मरायचा. उमानं टाळी वाजवली. टाळी नुसती टप्पकन झाली, मागं काही उरलं नाही. तिनं पुन्हा वाजवली. मग केशवकडं बघितलं.

"स्टुडिओत भिंतीला एवढे गादीचे चौकोन लावले होते, तरी असं नव्हतं," ती म्हणाली. "केशव, इथं."

"इथं काय?"

"इथं रेकॉर्डिंग करायचं. तिघांनी एकदम. ह्याच्या ड्रमसकट."

 केशव वाईट माणूस नव्हता, पण त्याला गाणी चांगली व्हायला पाहिजे होती, आणि स्टुडिओतल्या त्या रेघा त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या. शेवटी म्हणाला, "स्पष्ट सांगतो सांडू. गाणी पाडव्याला बाहेर काढायची असं मी सगळ्यांना सांगून बसलोय. मशीनवाली तयार आहेत. आपण इथं एक गाणं करू, 'पाणी आलं'. त्यातच तू सगळ्यात जास्त पळतोस. ते शेवटपर्यंत टिकलं, तर चारही गाणी तुझ्या हातची. नाही टिकलं तर मशीनच राहील. मग रुसायचं नाही."

"नाय रुसणार," सांडू म्हणाला. "पण मशीन ठेवलं तर स्टेजवर बी त्यालाच बसवा."

म्हणजे दोन्हीकडून गाठ बसली. हे गाणं जमलं तर सांडू मुरूमचा ड्रमर. नाही तर वाळूजच्या प्रेसवरचा कामगार, आणि बस.

परवा गाडी येणार म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच केशव शहरातून सगळं घेऊन आला. ड्रम, माईक, वायरी, लॅपटॉप, आणि हेडफोनातली ती टकटकही. खोलीच्या मधोमध ताडपत्री अंथरली. एक माईक ढिगात खुपसलेल्या काठीला बांधला, एक पाळण्याच्या कडीला लोंबता सोडला. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दार बंद. वर पत्रा तापलेला. भागूबाईनं तिघांच्या हातापायाला खोबरेल चोपडलं. "ह्यानं खाज जात नाय, पण खाजवताना हात घसरतो," ती म्हणाली.

पहिल्या खेपेला सांडू पळाला. नेहमीच्याच जागी. केशवनं गिटारीवरचा हात काढून घेतला आणि लॅपटॉपवरचं ते सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्या खेपेला केशवच मध्ये थांबला. दोन्ही हातांनी मान खाजवत ओरडला, "आईशप्पथ, काय चावतंय हे!" तिसऱ्या खेपेला उमानं बेस खाली ठेवला आणि पाठ दाराच्या चौकटीला घासली. चौथ्याला पुन्हा केशव. दुपार झाली. दोघांच्या हातांवर लाल चट्टे उठले. सांडूच्याही उठले होते, पण ड्रमवाल्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात असतात. खाजवणार कशानं? तो दात खाऊन वाजवत राहिला. आणि जेव्हा जेव्हा गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत पोचलं, तेव्हा तेव्हा हात सुटला.

संध्याकाळी तिघं ओट्यावर बसले. भागूबाईनं भाकरी, ठेचा, दही आणून ठेवलं. केशवनं लॅपटॉप मिटला. उमानं ठेच्यानं वाहणारं नाक पुसत विचारलं, "खरं सांग सांडू. त्या कडव्यात तुला काय होतं? कुणाला पोचवायला निघतोस तू?"

"नवरदेवाला," सांडू म्हणाला.

दोघं हसले. सांडू हसला नाही.

"हसू नका. खरंच. केशव वरच्या पट्टीत ओरडला ना, की मला मांडव दिसतो. बन्सी मास्तर मागून ढोसतो, पळव हात, मुहूर्त चालला. मी ठरवत नाय. हात निघतो. आता पाणी आलं म्हणल्यावर माणूस पळणारच की, पण तसं नाय ते. मला आत परण्याच निघालेला दिसतो."

उमा हसायची थांबली. "मग तू बँडात नेहमी पळवतच वाजवलंस? कधीच एका चालीत नाही?"

सांडूनं हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "नवरी वाटी लावताना."

"म्हणजे?"

"लग्न लागलं, जेवणं झाली, नवरी सासरी निघती. बँडवाल्याला तिथं बी वाजवावं लागतं. पण तव्हा घाई करून भागत नाय. मायलेकी गळ्यात पडल्या की सुटत नाय. मंग मावशी, मंग आत्या, मंग गल्लीतली बाई जिचा काय संबंध नाय ती पण. जीप चालू करून ड्रायव्हर बसलेला. त्यो किती बी हॉर्न मारू दे, ढोल वाढवायचा नाय आणि कमी बी करायचा नाय. वाढवला तर बाया शिव्या देत्यात, पोरीला हाकलून देता का म्हणत्यात. कमी केला तर बँड थकला म्हणत्यात. जीप हलूस्तोवर एकच चाल. एकदा तर मी पार अंधार पडूस्तोवर वाजवलेली."

"मग उद्या आम्ही नवरदेव नाही," उमा म्हणाली. "आम्ही नवरी. आणि आम्ही काही लवकर निघणार नाही. रडणारच आहोत तसंही, ह्या खाजेनं."

 केशवनं लॅपटॉप पुन्हा उघडला, कानातल्या टकटकीची वायर काढली आणि गुंडाळून पिशवीत टाकली. "उद्या हे नको," म्हणाला. "उद्या तू धर, आम्ही तुझ्यामागं येऊ."

दुसऱ्या दिवशी गाडी दुपारी येणार होती. आप्पासाहेब सकाळीच हजर झाला. टेम्पो, हमाल, काटा, सगळं घेऊन. हॉर्न वाजवले, हाका मारल्या. आत कुणाला काही ऐकू आलं नाही. गाणं मधल्या कडव्यात होतं, चाललंही बरं होतं, तेवढ्यात भागूबाईनं दार उघडलं. उजेड आला, अंगणातला कालवा आत शिरला, आणि केशवनं कपाळाला हात लावला.

"गाडी आली रे बाबांनो."

तिच्या मागं बद्रीनाथ उभा. त्याच्या मागं आप्पासाहेब, आणि त्याच्या मागं माना लांब करून बघणारे हमाल. म्हणजे ज्या चार लोकांची बद्रीनाथला आयुष्यभर फिकीर होती, ते सगळे नेमके दारात. आत त्याचं पोरगं, बनियनवर, तेलानं आणि घामानं चमकणारं, अंगभर चट्टे, हातात काड्या.

"बद्रीभाऊ," आप्पासाहेब म्हणाला, "कापूस भरायचाय का लग्न लावायचंय?"

बद्रीनाथनं त्याच्याकडं बघितलं नाही. सांडूला विचारलं, "किती येळ?"

"एकदाच, आबा. एक डाव होऊ द्या."

"मंग हमाल आत घेऊ का थांबवू?"

"थांबवा."

बद्रीनाथनं क्षणभर दाराची कडी हातात धरली. मग आप्पासाहेबाला म्हणाला, "काटा लावा तवर. चहा घ्या. हिला सांगा, साखर जास्त टाक म्हणून." एवढं बोलून तो आत आला, दार आतून लावलं आणि कापसाच्या ढिगाला टेकून खाली बसला. "वाजवा. मी काय बोलत नाय."

 ह्या माणसानं सांडूला वाजवताना कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं वावरात जायचा, आज हातभर अंतरावर.

सांडूनं काड्यांवर काड्या मारून चाल दिली. त्याची स्वतःची.

गाणं निघालं. उमाचा बेस पायाला पाय लावून आला. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. दंडावर काहीतरी सरसरत गेलं, खाज मनगटापर्यंत उतरली. सांडूनं समोर बघितलं. केशवची मान लाल झालेली, पण हात गिटारीवर. उमानं ओठ दातात धरलेला. बद्रीनाथ दोन्ही पंजे मांडीखाली दाबून बसलेला.

शेवटचं कडवं आलं. केशवनं मान मागं टाकली आणि ओरडला, "पाणी आलं!"

मांडव दिसला. दिसणारच होता. लाल कोट, झालर, बन्सी मास्तराचा पंजा पाठीवर. सांडूनं तो सगळा परण्या बाजूनं जाऊ दिला आणि त्याच्या मागं जीप बघितली, दार उघडं असलेली, आणि बायांचा तो गलका, आणि कुणालाच कुठं जायचं नाही. ड्रायव्हर हॉर्न मारतोय. मारू दे. हात पडत राहिला. एक, आणि एक, आणि एक. केशव पुन्हा ओरडला, आधीपेक्षा मोठ्यानं, आणि आता ओरडण्याला जोर चढला, कारण खाली ठेका जागचा हलत नव्हता. घाई गाण्यात होती, गल्लीत होती, हंड्या-बादल्यांत होती. ड्रम तेवढा रस्त्यासारखा खाली पसरून पडला होता आणि सगळे त्याच्यावरून पळत होते. सांडूला ते पहिल्यांदाच ऐकू आलं. आपण पळालो नाही की बाकीचं कसं पळतं, ते.

शेवटचा दणका. झांज थरथरली. ती थांबेपर्यंत कुणी हललं नाही. केशवनं हळूच लॅपटॉपचं बटण दाबलं.

"झालं?" बद्रीनाथनं विचारलं.

"झालं."

"मंग खाजवा," तो म्हणाला, आणि सगळ्यात आधी स्वतः दोन्ही हातांनी सुरू झाला.

चौघंही खाजवत होते आणि हसत होते, आणि केशवच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते खाजेचं का कशाचं, कोण विचारतो. त्यानं सांडूला हेडफोन दिला. सांडूनं ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग केशवनं स्क्रीनवर मशीनच्या ड्रमची पट्टी दाखवली. "पुसू?"

"चारही?"

"बाकीच्या तीन गाण्यांत तू पळालास तर?"

"आता नाय पळत. बटण कुठंय?"

केशवनं दाखवलं. सांडूनं तेलकट बोटानं एकेक करून चारही पट्ट्या पुसल्या. दारातून डोकावणाऱ्या भागूबाईनं विचारलं, "काय पुसू ऱ्हायला रे?"

"मशीन, माय."

"बरं केलं. आता अंगण बी पुसून काढ जरा, चहा सांडलाय हमालांनी."

सगळा कापूस एका खेपेत मावणार नव्हता. मागचा ढीग दुसऱ्या दिवसाच्या खेपेला राहिला, आणि त्याच्या आडोशाला संध्याकाळी बाकीची तीन गाणी झाली. एकही दुसऱ्यांदा वाजवावं लागलं नाही. पाडव्याला चारही बाहेर पडली. पुढं काय झालं ते शहरातल्या पोरांना माहीत आहे. उन्हाळ्यात क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये मुरूमचा कार्यक्रम झाला, तेव्हा बाहेर उभ्या राहिलेल्यांसाठी दारं उघडी ठेवावी लागली, आणि शेवटच्या कडव्याला सगळा हॉल एका चालीत पाय आपटत होता. व्यंकटराव त्या दिवशी फिरायला गेले नाहीत. पहिल्या रांगेत बसले. सांडू अजूनही प्रेसवर जातो. पण पुणे-नाशिककडचे बँडवाले रेकॉर्डिंग असलं की त्याला बोलावतात, आणि तो पाळी बदलून घेऊन जातो.

ते सगळं नंतरचं. त्या सकाळी, गाणं झाल्याबरोबर, दार उघडलं आणि हमाल आत घुसले. पाट्या भरभरून कापूस टेम्पोत पडायला लागला. आमच्याकडं टेम्पोत कापूस टाकला की वर चढून तुडवावा लागतो, तेव्हा कुठं मावतो. सांडू वर चढला आणि तुडवायला लागला. उमा म्हणाली, "मी पण," आणि बूट काढून चढली. केशवला चढवायला दोन हमाल लागले. केशवनं नवं गाणं मोबाईलवर उतरवून घेतलं होतं. ड्रायव्हरनं तो मोबाईल टेम्पोच्या टेपला जोडून दिला, आणि अंगणात 'पाणी आलं' वाजायला लागलं. शेजारच्या दोन बाया खरंच हंडा घेऊन बाहेर आल्या आणि शिव्या देत परत गेल्या.

आप्पासाहेब काट्यापाशी मान हलवत उभा होता. त्याला गाणं आवडलं होतं का नाही ते कळत नव्हतं, पण पायाचा अंगठा चपलेत हलत होता.

"बद्रीभाऊ, ह्यात तुमचं पोरगं कोणतं? ते ओरडू ऱ्हायलं ते?"

"ते नाय," बद्रीनाथ म्हणाला. "ते पाव्हण्याचं. आपलं पोरगं खाली. ते धाड धाड वाजतंय ना, एकसारखं, ते."

आप्पासाहेबानं कान दिला. "हां. ते व्हय."

"तेच," बद्रीनाथ म्हणाला, आणि ड्रायव्हरला हाक मारली, "ए भो, एवढ्या बारीक आवाजात काय लावलंय? वाढव की."